तेरचे गोरोबाकाका आणि त्यांची संती

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने काही ना काही लिहावे असे ठरले, तेव्हा कोणी पाककृती घेतल्या, कोणी भोंडल्याची गाणी गोळा करण्याचे काम घेतले. माझ्या वाट्याला थोर व्यक्तीचे चरित्र आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे ग्रंथ चाळून लिहावे इतकी माझी तयारी नाही. परंतु पोथी वाचता येते, कीर्तन ऐकावयास बसले की मन लागते, आणि तेर हे गाव आपल्या धाराशिव तालुक्यातच आहे. म्हणून दूरच्या प्रांतातील थोर स्त्री-पुरुष सोडून मी आपल्या गोरोबाकाकांनाच धरले. भगिनींनी सांभाळून घ्यावे.

गोरोबाकाका म्हणजे संत गोरा कुंभार. त्यांचे चरित्र आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पायाखाली बाळ तुडवले गेले, हात तोडले, पंढरपुरात हात परत आले, एवढे कोणीही सांगेल. पण मला नेहमी असे वाटत आले आहे की ही कथा जशी भक्त आणि देव यांची आहे, तशीच ती एका नवरा-बायकोची आहे. कीर्तनकार देवाची बाजू रंगवून सांगतात, ते योग्यच आहे. आपण बायकांच्या पानांत लिहितो आहोत, तर घराची बाजू जरा सविस्तर सांगितली तर चालेल.

परंपरेने गोरोबांचा जन्म इ. स. १२६७ चा मानतात. घराणे कुंभाराचे. आईवडील विठ्ठलाचे भक्त होते असे सांगतात. ज्ञानेश्वर महाराज १२७५ चे, नामदेव महाराज १२७० चे. म्हणजे त्या संतमेळ्यात गोरोबा वयाने वडील. म्हणूनच सगळे त्यांना काका म्हणत आणि आजही आपण काकाच म्हणतो. संतांत कोणी माउली आहे, कोणी महाराज आहेत, कोणी नाथ आहेत. चुलत्याचे घरगुती नाते मात्र आपल्या तेरच्या कुंभारालाच मिळाले.

त्या वेळी देवगिरीला यादवांचे राज्य होते. तेर मात्र त्याहूनही फार जुने. ग्रीक व्यापाऱ्यांच्या वाटाड्या पुस्तकात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, ह्या गावाचे नाव तगर असे आले आहे. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर आहे आणि येथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदराला जाते, असे त्यात लिहिले आहे. गावातील पांढरीच्या टेकाडांतून मातीच्या बाहुल्या, मणी, खापरे किती निघाली त्याला गणती नाही. गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आवडीने जमवल्या. त्यांच्या नावाचे संग्रहालय आज तेरला आहे, आणि त्यातील हस्तिदंती बाहुली पाहावयास परदेशातून माणसे येतात. मला तेथील मातीच्या बाहुल्या अधिक आवडल्या. कोणाच्या तरी बोटांचा दाब त्यांच्यावर अजून दिसतो. म्हणजे गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षे ह्या गावात मातीचे काम करणारे हात होते.

कुंभाराचे काम एकट्या पुरुषाचे नाही. हे खेड्यात वाढलेल्या भगिनींना सांगावयास नको. तळ्याची माती गाढवावरून आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची. तीत राख आणि लीद मिसळून भिजत घालायची. मग पायांनी तुडवून तुडवून लोण्यासारखी करायची. चाकावर गडी बसतो, पण माती चाळायला, मडके उन्हातून सावलीत न्यायला, आवा रचायला आणि डोक्यावर उतरंड घेऊन बाजारात बसायला घरची बाई लागते. एकाचा हात आतून आणि एकाचा बाहेरून असल्याशिवाय मडक्याला आकार येत नाही. गोरोबांच्या घरात हा दुसरा हात संतीचा होता.

आता ती घटना. संतचरित्रे लिहिणारे ताहराबादचे महिपतीबुवा यांनी १७६२ साली भक्तविजय पुरा केला. त्यात ती आली आहे आणि कीर्तनात ऐकतो ती बहुतेक तशीच. संती पाणी आणावयास निघाली. रांगते मूल अंगणात ठेवले आणि नवऱ्याला लक्ष ठेवावयास सांगून गेली. गोरोबा माती तुडवीत होते. तोंडाने विठ्ठलाचे नाव चालू होते आणि डोळे मिटलेले होते. मूल बापाकडे रांगत आले आणि चिखलात शिरले. पायाखाली काय आले हे त्यांना कळले नाही. संती पाणी घेऊन आली तो अंगणात मूल नाही, आणि माती तांबडी झालेली.

ह्यापुढचा भाग कीर्तनात लवकर आटोपतात. संतीने आकांत केला. नवऱ्याला बोलली आणि ज्याच्या नादाने हे झाले त्या विठोबालाही वाटेल ते बोलली. नवऱ्याला बोलली तोवर गोरोबा गप्प होते. देवाची निंदा ऐकवली नाही म्हणून त्यांना राग आला आणि चाक फिरवायची काठी उचलून ते तिला मारावयास धावले. पोटचा गोळा गेलेली बाई, आणि वर काठी. तेव्हा तिने त्यांना विठोबाची शपथ घातली की मला हात लावाल तर. काठी वरच्या वर राहिली. ती खाली आली नाही.

येथे मी पोथी वाचताना नेहमी थांबते. शपथ कशासाठी घातली हे आपण विसरून जातो. पुढे काय झाले ते आठवत राहते आणि ती बाई हट्टी, तोंडाळ ठरते. पण त्या घडीला तिच्याजवळ दुसरे काय होते? माहेर दूर, मूल गेलेले, समोर संतापलेला नवरा. तिने त्याच्याच देवाला मध्ये उभे केले. ज्या देवाला आत्ताच शिव्या दिल्या, त्याच्याच नावाच्या आड ती उभी राहिली. आणि नवऱ्याने ते मानले. पुष्कळ घरांत अशी शपथ ऐकून घेणारा नवरा मिळत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मंडळात एखादी पदर ओढून घेऊन येते तेव्हा आपण विचारीत नाही, पण कळते.

गोरोबांनी ती शपथ त्या दिवसापुरती मानली नाही, तर जन्मभराची मानली. एका घरात राहून, एकाच चुलीचे अन्न खाऊन, एकाच मातीत काम करून त्यांनी पुन्हा तिला स्पर्श केला नाही. चाकावरून उतरवलेले मडके तिच्या हाती द्यायचे तरी खाली ठेवून द्यायचे, असे काही असेल. दिवस गेले. संतीचा राग ओसरला असेल. तिने समजूत घातली, विनवण्या केल्या. ते ऐकेनात. शपथ तिने घातली खरी, पण नाव विठोबाचे होते. ती आता मागे घेणे तिच्याही हाती राहिले नाही.

यावर कीर्तनात टाळ्या पडतात. किती कडकडीत निष्ठा! निष्ठा खरीच. तरी मला ह्यात एक उणे दिसते, ते लिहिल्यावाचून राहवत नाही. तिने काठी थांबवण्यासाठी बोललेला शब्द त्यांनी पाळला. पण त्या शब्दाच्या पाठीमागची आई त्यांना दिसली की नाही हे कोठेच आलेले नाही. नेम पाळणे एक आणि जवळ बसून दुःख वाटून घेणे दुसरे.

माझे पहिले मूल अकरा महिन्यांचे होऊन तापाने गेले. ह्याला आता पुष्कळ वर्षे झाली. त्या वेळी आमच्या घरात कोणी कोणाला दोष दिला नाही, पण आम्ही दोघे एकमेकांशी बोलेनासे झालो. राग नव्हता. बोलले तर काय निघेल ह्याची भीती होती. ह्यांनी पहाटे उठून हापशावरून पाणी आणून ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची काय दशा असते ती सांगावयास नको, आणि गडीमाणसाने घागर उचलणे त्या काळी आमच्या गल्लीत हसण्यासारखेच होते. आत्याबाईंनी एकदा टोकले. हे काही न बोलता पुन्हा दुसरी खेप आणावयास गेले. सात-आठ महिने असे चालले. मग एका पहाटे मी आधी उठून दारात उभी राहिले आणि एक घागर मी घेतली. बोलणे त्यानंतर सुरू झाले. म्हणून संतीची गोष्ट आली की मला वाटते, त्या घरातही असे काहीतरी चालू असेल. पोथीत लिहिलेले नाही एवढेच.

वंश कसा चालायचा ही काळजी संतीलाच लागली. ती माहेरी गेली आणि आपल्या धाकट्या बहिणीला, रामीला, नवऱ्यासाठी मागून आणले. सवत म्हणून सख्खी बहीण आणायची हे आज आपल्याला कसेसेच वाटते, आणि कायद्यानेही ते १९५५ पासून बंद झाले ते बरे झाले. त्या काळी ते घडत असे. रामीला कोणी विचारले असेल असे वाटत नाही. कथेत तिला एकही सुख नाही.

लग्न लागल्यावर सासऱ्याने जावयाला विठोबाची शपथ घालून सांगितले की दोघींना सारखेच वागवा, दुजाभाव करू नका. बापाच्या मनात होते की धाकटी आली म्हणून थोरलीला टाकू नये. गोरोबांनी त्याचा अर्थ आपल्या परीने घेतला. थोरलीला स्पर्श नाही, तर धाकटीलाही नाही. आता एका शपथेच्या दोन शपथा झाल्या आणि एका बाईच्या जागी दोघी एकट्या झाल्या.

मग दोघी बहिणींनी मिळून एक बेत केला. रात्री ते झोपले असता दोन्ही बाजूंना निजल्या आणि त्यांचा एकेक हात आपल्या अंगावर ओढून घेतला. जागे होऊन पाहतात तो शपथ मोडलेली. दोष हातांचा, म्हणून त्यांनी आपले दोन्ही हात तोडून टाकले. हे मी लहान मुलांना सांगत नाही. मोठ्यांनीही त्यातले रक्त पाहू नये असे मला वाटते. पण कुंभाराने हात द्यावे ह्याचा अर्थ आपण बायका चटकन समजू. त्याने घरातील भाकरी दिली, धंदा दिला, आणि जे एक जगाला दाखवण्यासारखे होते ते दिले.

पुढे पोथी म्हणते की प्रत्यक्ष पांडुरंग विठू कुंभार होऊन तेरला आला, गोरोबांच्या चाकावर बसला आणि मडकी घडवू लागला. रखुमाईही बरोबर आली आणि गरुडाने गाढवाचे रूप घेऊन माती वाहिली. ही कथा मला फार गोड वाटते. तिला मी बाधा आणीत नाही. तरी चुलीपाशी बसून विचार केला की मनात येते, देव येईपर्यंतचे दिवस कसे गेले असतील? हात नसलेल्या माणसाला घास कोणी भरवला, अंघोळ कोणी घातली, धोतर कोणी नेसवले? आणि स्पर्श तर करायचा नाही! मला वाटते, संती आणि रामी ह्यांचे चार हात त्या घरात आधी पोहोचले असतील आणि विठू कुंभार त्यांच्या मागोमाग आला असेल. हा माझा आपला तर्क. महाराज मंडळींनी रागावू नये.

नंतर आषाढी आली. सर्व मंडळी पंढरपूरला गेली. नामदेवांचे कीर्तन उभे राहिले आणि त्यांनी सर्वांना हात वर करून टाळी वाजवावयास सांगितले. गोरोबांनी आपले थोटे हात वर केले. नामघोषात त्या थोट्यांना हात फुटले. हे पाहून संतीने रखुमाईपाशी पदर पसरला आणि आपले मूल मागितले. तेव्हा कीर्तनाच्या गर्दीतून ते मूल रांगत तिच्याकडे आले. देवाने गोरोबांना शपथेतून मोकळे केले आणि दोघींना घेऊन संसार करण्याची आज्ञा दिली.

भगिनींनो, चमत्कारावर ज्याची त्याची श्रद्धा. पण ह्या कथेचा शेवट पाहा. इतर ठिकाणी देव प्रसन्न झाला की भक्ताला संसारातून सोडवून नेतो. येथे देवाने भक्ताला घरी धाडले. आणि मूल मागावयास संती विठोबाकडे गेली नाही, रखुमाईकडे गेली. बाईचे गाऱ्हाणे बाईपाशी.

रखुमाईपाशी जाण्यात तरी काय कमी अर्थ आहे! आपल्या साऱ्या देवळांत देव आणि देवी शेजारी शेजारी बसतात, शंकराच्या मांडीवर पार्वती असते, विष्णूच्या पायांशी लक्ष्मी. पंढरपुरात मात्र विठोबाचे देऊळ निराळे आणि रखुमाईचे निराळे. सांगतात की द्वारकेत राधा देवाजवळ बसलेली रुक्मिणीने पाहिली, ती रुसून निघाली आणि दिंडीरवनात येऊन राहिली. देव तिची समजूत घालावयास मागोमाग आला आणि मग पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला. म्हणजे ज्या देवाच्या पायी सारा महाराष्ट्र जातो, तो मूळचा रुसलेल्या बायकोच्या शोधात आलेला आहे. तो नवरा-बायकोचे दुःख जाणणार नाही तर कोण जाणेल?

बायकोमुले सोडल्याखेरीज देव भेटत नाही असे सांगणारे पंथ आपल्या देशात पुष्कळ झाले. वारकऱ्यांनी ते फारसे मानले नाही. ज्ञानेश्वर महाराज स्वतः ब्रह्मचारी, पण त्यांच्या अनुभवामृताचा आरंभच शिव आणि शक्ती ह्या जोडप्याला वंदन करून होतो. दोघे मिळून एकच आहेत, आणि एकमेकांच्या आवडीसाठीच दोन झाले आहेत, असा त्याचा भाव आमच्या गावी आलेल्या एका प्रवचनकारांनी फार सोपा करून सांगितला होता. इतर संत तर बहुतेक प्रपंचातलेच. पैठणचे एकनाथ महाराज आणि गिरिजाबाई यांच्या दारातून कोणी उपाशी गेला नाही. तुकोबांची आवली कडाडून बोले आणि भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढे. नामदेवांच्या राजाईनेही घरातील दारिद्र्याचे गाऱ्हाणे देवापर्यंत नेले. आणि मंगळवेढ्याचे चोखोबा आणि सोयराबाई! त्या दोघांनी गावकुसाबाहेर राहून एकच देव धरला. दोघांनीही अभंग रचले, सोयराबाईंचे अभंग आज आपण गातो. १३३८ साली वेशीच्या बांधकामाची भिंत अंगावर पडून चोखोबा गेले. त्यांचे देवळात जाणे जन्मभर झाले नाही, पण समाधी महाद्वारापाशी आहे. अशी जोडपी पाहिली म्हणजे सप्तपदीतील सातवे पाऊल सख्यासाठी का ठेवले असेल ते समजते. अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू इतके सगळे मागून झाल्यावर शेवटी मैत्री मागायची. आपण सातवे पाऊल टाकताना अंगावरच्या शालूच्या ओझ्याने वाकलेल्या असतो, भटजी काय म्हणतात ते कानावर येत नाही.

लग्नाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. बोहल्याच्या चारी कोपऱ्यांना मडक्यांच्या उतरंडी रचतात ती मडकी कुंभाराच्या घरची. संक्रांतीला सुगडी त्याची, नवरात्रात घट त्याचा, आणि शेवटी खांद्यावरून फोडायचे मडकेही त्याचेच. संसाराच्या दोन्ही टोकांना कुंभार उभा आहे.

गोरोबांची दुसरी कथा परीक्षेची. तेरला त्यांच्या घरी सगळे संत जमले होते असे सांगतात. मुक्ताबाईने कोपऱ्यातील थापटणे पाहिले आणि हे कशासाठी म्हणून विचारले. काकांनी सांगितले की ह्याने ठोकून मडके पक्के की कच्चे ते कळते. मग आम्हां मडक्यांचीही परीक्षा घ्या, असे ती म्हणाली. केवढी चुणचुणीत मुलगी! काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत चालले. सगळे शांत बसले. नामदेव तेवढे चिडले. तेव्हा हे मडके कच्चे आहे असा निवाडा झाला. देवाशी रोज बोलणारा, पण गुरू केलेला नाही. नामदेव दुखावले, पण त्यामुळेच औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू मिळाला. पुढे हेच नामदेव पंजाबपर्यंत गेले, शिखांच्या पवित्र ग्रंथात त्यांची पदे आहेत.

ह्या परीक्षेचा अधिकार गोरोबांनाच का दिला असेल? वय मोठे होते, हे एक कारण. धंदा कुंभाराचा, हे दुसरे. मला तिसरेही एक दिसते. आवा पेटला की वरून राखच दिसते, आत काय चालले आहे ते कळत नाही. काकांच्या घरात मूल गेले, बायकोशी अबोला आला, हात गेले, एवढे सगळे आत जळत असताना मडके फुटले नाही. ज्ञानेश्वर, मुक्ताबाई ही आईबापांविना वाढलेली, समाजाने छळलेली पोरे. त्यांनी ह्या संसारी काकापुढे डोके वाकवले. ज्याने घरात सोसले आहे त्याच्या हाताचा ठोका सोसवतो.

काकांचे अभंग थोडे मिळतात, वीसएक असतील. त्यांत मूल किंवा हात ह्यांचा पाल्हाळ नाही. देव आणि मी असे दोन उरलेच नाहीत, आता बोलायचे कोणी आणि कोणाशी, असा बहुतेकांचा सूर आहे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते कोरडे वाटले. आता तसे वाटत नाही. घरात दोघे जन्मभर राहिली की बोलणे कमी होते. कोणाची भाजी अळणी लागली हे न सांगता कळते. तेही एक प्रकारचे दोन न उरणेच आहे, जरी ते काकांच्या पायरीचे नसले तरी.

ही कथा आपल्या जिल्ह्यात राहिली नाही. कर्नाटकात १९७४ साली राजकुमार यांनी भक्त कुंबार चित्रपटात गोरोबांचे काम केले. आमच्या उमरग्याकडच्या वयस्क मंडळींना त्याची आठवण आहे. तेलुगूतही चित्रपट निघाला. आपल्याकडे अशोकजी परांजपे यांनी गोरा कुंभार हे संगीत नाटक लिहिले आणि त्याला जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत होते. त्यातील गाणी भजनी मंडळात अजून म्हटली जातात.

शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७, चैत्र वद्य त्रयोदशीला काकांनी तेरला समाधी घेतली. ज्ञानेश्वर महाराज जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. देवगिरीचे यादवही त्याच सुमारास संपले. पन्नासाव्या वर्षी ते गेले असे परंपरेच्या हिशेबाने येते. संती, रामी आणि तो मुलगा पुढे कसे राहिले हे पोथी सांगत नाही. माती मात्र घरात होती आणि चाकही होते. संतीला माती कशी चाळायची हे माहीत होते.

तेरणेच्या काठी काकांचे समाधिमंदिर आहे. चैत्र वद्य पक्षात तेथे यात्रा भरते आणि कार्तिकी वारीला काकांची पालखी पंढरपूरला जाते. मंडळाची सहल पुढच्या वर्षी तेरला न्यावी अशी माझी सूचना आहे. यात्रेच्या दिवसांत ऊन फार असते, तेव्हा लेकुरवाळ्यांनी कार्तिकातच चलावे. समाधीचे दर्शन झाले की विटांचे त्रिविक्रमाचे देऊळ पाहता येईल. ते महाराष्ट्रातील फार जुन्या देवळांपैकी आहे. संग्रहालयही तेथून जवळच आहे. डबे घरून न्यावेत, आणि येताना कोणाला मातीचा माठ घ्यावयाचा असेल तर बोटाच्या पेराने ठोकून, खणखणीत आवाज ऐकून मगच घ्यावा.